लाइनच्या वहीतली पेन्सिलीची नोंद

मेश्राम बाईंची आणि माझी ओळख शाळेतली म्हणायला हवी, पण ती तिथली नव्हे. सौंसरच्या शाळेत आठवीचे एक वर्ष मी त्यांच्या इंग्रजीच्या तासाला बसलो होतो. परंतु शेवटच्या बाकावर बसून कधीही हात वर न करणारा मुलगा शिक्षकांच्या ध्यानात राहत नाही, आणि राहू नये अशीच त्या मुलाचीही इच्छा असते. त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. खरी ओळख झाली ती चार वर्षांनी, बसस्टँडजवळच्या छपाईच्या दुकानात. अकरावी अर्धवट सोडून मी तिथे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवण्याच्या कामाला लागलो होतो. एक दिवस बाई आल्या आणि त्यांनी हाताने आखलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यात पाच रकाने होते : क्रमांक, सांगणाऱ्याचे नाव, काम, वाक्य, साक्षीदार.

“असे शंभर कागद पाहिजेत. रूळ सारखे मारजो, इकडे तिकडे नको,” त्या म्हणाल्या.

मी कागद दोनदा वाचला आणि भीतभीत विचारले, “मॅडम, साक्षीदारमधला ‘क्षी’ दीर्घच ना?”

बाईंनी चष्म्याच्या वरून पाहिले. “तुले शंका काहून आली?”

“पत्रिकेत चुकलं तं लोक परत आणतात.”

“दीर्घच आहे. अन् मॅडम शाळेत. आता मी बाई.” मग जाता जाता म्हणाल्या, “कागद रविवारी घरी घेऊन ये. कायले छापले ते पाहून घे.”

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथातले सर्व लेख मीच टाइप केले आहेत. बाईंचे विद्यार्थी आज प्राचार्य आहेत, तहसील कार्यालयात आहेत, नागपूरला दवाखान्यात आहेत. त्यांच्या लेखांच्या रांगेत माझा लेख बसेल की नाही, ही धास्ती मला अजून आहे. पण संपादक मंडळाने आग्रह केला. लाइनची वही माझ्याजवळ आहे, तेव्हा तिच्याविषयी मीच लिहावे, असे ठरले. मी शक्य तितके तपासून लिहिले आहे. काही राहून गेले असेल तर तो दोष माझा.

सिंधुबाई मेश्राम मूळच्या लोधीखेड्याच्या. आधी पांढुर्ण्याला आणि मग सौंसरला त्यांनी मुलामुलींना इंग्रजी शिकवले. त्यांच्या विद्वत्तेविषयी इतरांनी लिहिले आहे, मी एकच आठवण सांगतो. आठवीत त्यांनी आम्हाला घरून एकेक इंग्रजी शब्द आणायला सांगितला होता. अट अशी की पुस्तकातला नको, घरात बोलला जाणारा हवा. कोणी कुकर आणला, कोणी बल्ब, कोणी मोटर. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “आमच्या घरी यातलं काहीच नाही.” वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “तुही आई सकाळी काय म्हणते?” ती म्हणाली, “टाइम नाही म्हणते.” बाईंनी फळ्यावर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘टाइम’ लिहिले आणि त्या दिवशीचा पूर्ण तास त्या एका शब्दावर घेतला. मला इंग्रजी कधी आले नाही, पण तो तास मला पूर्ण आठवतो.

लाइनची वही त्याच वृत्तीतून निघाली. निवृत्तीनंतर एका रविवारी विद्युत मंडळातले लाइनमन डोमाजी काका बाईंच्या ओट्यावर चहा घेत होते. ते म्हणाले, “बाई, आपली जिंदगी गेली, पण इंग्रजीचा एक शब्द नाही आला.” आणि त्याच दमात सकाळची हकिकत सांगू लागले, “पहाटेच मोहगावची लाइन गेली. खांबावर चढून राहिलो तं खाली रेशनवाल्यांची ही मोठी लाइन. मले पाहून लागले ना शिव्या द्याले. घरी बायकोले फोन लावतो तं फोनची लाइन लागत नाही. म्या म्हटलं, आपल्या हातावरची लाइनच खराब, पोराले या लाइनमध्ये नाही टाकाचं.”

बाईंनी पाचही बोटे वर केली. “डोमाजी, पाच झाले.”

“काय पाच?”

“तुले न येणाऱ्या इंग्रजीतले अर्थ.”

त्या आठवड्यात बाईंनी फाटकावर एक पाटी टांगली. पाटीवर लिहिले होते : ‘लाइन. आपल्या कामात हा शब्द कसा येतो ते सांगा. चहा मिळेल.’ आधी लोक चहासाठी आले, मग अर्थासाठी येऊ लागले.

त्या वहीचे नियम कडक होते आणि ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. अर्थ डिक्शनरीतला चालत नसे. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या जगण्यात तो आलेला असला पाहिजे. सांगितलेले वाक्य बाई आधी पेन्सिलीने लिहीत. मग सांगणाऱ्याने एक साक्षीदार आणायचा. ‘हो, हा माणूस असे बोलतो आणि असे वागतो,’ एवढे साक्षीदाराने सांगितले की बाई त्याच अक्षरांवरून निळा पेन फिरवीत. साक्षीदार नसेल तर नोंद पेन्सिलीतच राही. आणि बाई स्वतः कोणाच्याही साक्षीदार होत नसत. त्या म्हणत, “मी लिहिणारी आहे. लिहिणाऱ्यानं साक्ष देऊ नाही.”

वहीसाठी छापलेले कागद घेऊन मी गेलो त्या रविवारी बोरगावचे एक बागवाले आले होते. त्यांनी सांगितले, “संत्र्याची झाडं आम्ही लाइनीत लावतो.” साक्षीदार म्हणून धाकटा भाऊ सोबत होता. तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, “कायची लाइन? बाबा ओळ म्हणत, तूबी ओळच म्हणतं. चहासाठी लाइन झाली का आज?” ओटा हसून हसून वाकला. बाईंनी रबर घेतले, नोंद खोडली, आणि चहा मात्र दोघांनाही दिला.

त्याच ओट्यावर मी सुखदेव मिस्त्रींना पाहिले. त्यांनी खिशातून दोरीचे बंडल काढून ओट्याच्या कडेला धरले आणि म्हणाले, “बाई, ही लाइनदोरी. अन् माफ करजा, पण तुमचा ओटा लाइनीत नाही.” बाई म्हणाल्या, “ओट्याचं नंतर. आधी साक्षीदार आण.” रेल्वेतले निवृत्त गँगमन मारोतराव यांनी ‘छोटी लाइन’ सांगितली तेव्हा साक्षीदार शोधावा लागला नाही. ती नागपूरहून छिंदवाड्याला जाणारी लहान गाडी बंद होऊन बडी लाइन आली, हे सर्वांनाच ठाऊक होते. मारोतराव म्हणाले, “घाटात ते इतकी हळू चाले का माणूस उतरून मुतून पुन्हा चढे.” सगळे हसले. बाईंनी साक्षीदाराच्या रकान्यात लिहिले, ‘ओट्यावरील सर्व’.

मी दर रविवारी जाऊ लागलो. बाईंनी मला विचारले होते की बारावीचा फॉर्म बाहेरून भरतोस का. इंग्रजी त्या स्वतः शिकवणार होत्या, आठवड्यातून तीन संध्याकाळी. मला फार आनंद झाला होता. पण मला असेही वाटू लागले की या ओट्यावर बसायचे तर वहीत आपलेही नाव हवे. मोठमोठी माणसे आपापल्या कामाचा अर्थ सांगत, आणि माझ्याजवळ काय होते? दुकानात एक जुनी डिक्शनरी होती. तिच्यात ‘लाइन’ या शब्दाखाली दोन पाने अर्थ होते. त्यातला एक अर्थ मी निवडला : मासे धरायची दोरी.

रविवारी मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मी अन् माहे बाबा कन्हानवर जातो. बाबा लाइन टाकतात, अन् मी धरून बसतो.”

वडील मी सात वर्षांचा असताना कामासाठी सुरतेकडे गेले. पुढे तिकडेच त्यांचे दुसरे घर झाले. कन्हान नदी मी तेव्हा फक्त बसच्या खिडकीतून पाहिली होती.

डोमाजी काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडले. एवढे मला दिसले, कारण त्यानंतर मी जमिनीकडेच पाहत होतो. पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. मग बाई म्हणाल्या, “तेवीस नंबर. साक्षीदार सवडीनं आणजो. घाई नाही.”

साक्षीदार कोण, हे तिथे बसलेल्या कोणालाही कळले असते. बाबांनाच आणायला हवे होते.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. संध्याकाळची शिकवणी सुरू झालीच नाही; फॉर्मची तारीख निघून गेली. रस्त्यात बाई दिसल्या की मी गल्ली बदलत असे. चार महिन्यांनी बाई स्वतः दुकानात आल्या. मला वाटले, आता विचारतील. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि म्हणाल्या, “असे अजून पन्नास कागद पाहिजेत. अन् तू येत नाहीस तं रूळ वाकडे वाटून राहिले मले.” मी म्हणालो, “रूळ छापलेले आहेत बाई, ते वाकडे कसे होतील?” त्या म्हणाल्या, “हाव ना, तेच पाहाले ये.”

मी पुन्हा जाऊ लागलो. परंतु शिकवणीविषयी मी बोललो नाही, कारण एक विषय काढला तर दुसराही निघेल अशी भीती वाटे. त्या इतक्या जवळ होत्या, घर चालत पाच मिनिटांवर होते, आणि शिकायचे तेवढे राहून गेले. आज बाई दूर आहेत तेव्हा मला त्या न झालेल्या संध्याकाळांची सगळ्यात जास्त आठवण येते. झालेल्या गोष्टी निदान वहीत तरी आहेत.

तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी बाईंच्या कन्या त्यांना भोपाळला घेऊन गेल्या, आणि बाई तिकडेच राहिल्या. जाण्याच्या दिवशी त्यांनी वही माझ्या हातात दिली. “रूळ तूच मारले होतेस. तूच ठेव.” एक्केचाळीस नोंदी झाल्या होत्या. मी वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली, वाळवीची गोळी टाकली, दर महिन्याला कपाट उघडून पाहिले. वही मात्र उघडली नाही. फाटकावरची पाटीही बाईंच्या सांगण्यावरून मीच काढून आणली. ते बंद घर वाटेत येणार असले की मी अजूनही गल्ली बदलतो, पण कारण वेगळे आहे.

या ग्रंथाचे काम सुरू झाले तेव्हा संपादक मंडळाने सांगितले की वहीतल्या सर्व नोंदी शेवटी जोडायच्या. मग मला वही उघडावीच लागली. बावीस नोंदी मी निर्वेधपणे टाइप केल्या. तेविसाव्यावर थांबलो. मला खात्री होती की इतक्या वर्षांत बाईंनी ती खोडली असेल, किंवा पेन्सिल पुसट होऊन आपोआप गेली असेल; वही किती हातांतून फिरली होती. तसे झाले नव्हते. माझे नाव, काम, वाक्य सगळे जिथल्या तिथे होते. साक्षीदाराचा रकाना रिकामा होता. पान उजेडात धरले तेव्हा दिसले की अक्षरे दोनदा, काही ठिकाणी तीनदा गिरवलेली आहेत. जुनी पेन्सिल फिकट झाली होती आणि तिच्यावरून नवी फिरवली होती. पेन नव्हे, पेन्सिलच. आणि अक्षर बाईंचे होते.

ती नोंद तशीच टाइप केली असती तर कोणाला काही कळले नसते. छापलेल्या अक्षरात पेन आणि पेन्सिल सारखेच दिसतात. पण बाईंच्या गौरवग्रंथात, बाईंच्याच वहीच्या नावाखाली एक खोटी नोंद कायमची छापून जाणार होती आणि ती छापणारा मी असणार होतो. माझ्याने पुढे काम होईना. मी दुकान बंद करून डोमाजी काकांकडे गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते.

“काका, ती मासे धराची लाइन. ते खोटं होतं. बाबा माह्यासंग कधीच नदीवर नाही आले.”

डोमाजी काकांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी त्यांना कालचा वार सांगत आहे. “आम्हाले माहीतच होतं ना बे.”

“कोणाले?”

“साऱ्यांले. तुहा बाप गेला तेव्हा त्याची पेटी बसवर म्याच चढवली होती. अन् इथं मासे धराच्या दोरीले कोण लाइन म्हणते? मासे धरणारे ढीमर लोक गरी म्हणतात. म्या बोलणारच होतो, तं बाईनं असं पाहिलं माह्याकडं का चहा घशातच राहिला.” मग म्हणाले, “तू काय हे इतके वर्षं घेऊन फिरून राहिला होता? पागल आहेस का?”

नऊ वर्षे मी जे लपवत होतो, ते ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आणि त्या सौंसरच्या लोकांनी, जे लग्नपत्रिकेतला एक अनुस्वारही सोडत नाहीत, मला एका शब्दाने कधी विचारले नाही. हे बाईंनी घडवले होते, एका नजरेने.

त्या रविवारी मी बाजारातून मासे धरायची नायलॉनची दोरी घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारले, “पतली लाइन देऊ का जाडी?” मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले. त्याला वाटले, मला कमी ऐकू येते. मग बसने रामाकोन्यापर्यंत गेलो आणि कन्हानच्या काठाला उतरून दिवस मावळेपर्यंत लाइन धरून बसलो. एकटाच. मासा लागला नाही. लागला असता तर काय करायचे, हेही मला माहीत नव्हते. पण दोरी बोटाला कशी लागते, पाण्याने ती कशी ओढली जाते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी पलीकडे आहे असे कसे वाटते, ते मला कळले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला.

“रोशन? लाइन आहे का रे तिकडं?” हा त्यांचा भोपाळहून नेहमीचा पहिला प्रश्न असतो.

“आहे बाई.”

“इथं जातच नाही. अन् गेली तं लोक लाइट गई म्हणतात. लाइन गेली म्हणणारं कोणी नसलं का अंधारबी परका वाटते.”

मी म्हणालो, “बाई, तेवीस नंबर खोटा आहे.”

मग त्या म्हणाल्या, “मले वाटलं, दहा वर्षं पुरे करूनच सांगशील.”

“तुम्हाले कसं माहीत होतं?”

“आठवीत तुह्या फॉर्मवर पालकाची सही आईची होती. मीच घेतली होती. शेवटच्या बाकावर बसे तू, खिडकीच्या बाजूनं. अन् चौकोनी वहीवर इंग्रजी लिहे.”

मी विचारले, “मंग खोडलं काहून नाही? बोरगाववाल्याचं तं लगेच खोडलं.”

“त्याले चहा पाहिजे होता. तू चारचौघांत उभा राहून आपला बाप मागून राहिला होता. त्याच्यावर मी रबर फिरवू?” मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “पण पेनबी नाही फिरवला. नियम तो नियम. पुसट झालं का गिरवून ठेवत होती, बस.”

मी त्यांना नदीची हकिकत सांगितली. दुकानदाराचे वाक्यही सांगितले आणि विचारले की तो साक्षीदार म्हणून चालेल का.

“तो शब्दाचा साक्षीदार झाला. तू नदीवर बसला, ते कोणी पाहिलं?”

“कोणीच नाही बाई.”

“मंग मी येते.”

“तुम्ही? पण लिहिणाऱ्यानं साक्ष देऊ नाही, हा तुमचाच नियम आहे.”

“वही कोणाजवळ आहे? तुह्याजवळ. मंग आता लिहिणारा तू. मी साक्षीदार.”

“उतार फार आहे काठाले. दगड आहेत. अन् तुमचे गुडघे...”

“माह्या गुडघ्याचं मी पाहते. तू हात धरजो. अन् ऐक, त्या बारावीच्या फॉर्मचं काय झालं?”

त्या फोननंतर मी फॉर्म भरला आहे. हे मी त्यांना फोनवर सांगितले आणि इथे लिहीत आहे, म्हणजे आता मला मागे फिरता येणार नाही. दर रविवारी सकाळी भोपाळहून त्या मला फोनवर तासभर इंग्रजी शिकवतात. मध्येच त्या थांबतात आणि विचारतात, मागे आवाज कोणाचा येऊन राहिला? दुकानापुढून पांढुर्ण्याची बस निघत असते आणि कंडक्टर ओरडत असतो. बाई म्हणतात, “थांब, जाऊ दे तिले. ऐकू दे.” बस जाईपर्यंत आम्ही दोघेही काही बोलत नाही.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी आईला वाचून दाखवला, कारण यात तिचीही गोष्ट आहे. ती पांढुर्ण्याच्या मंडईत संत्र्यांची प्रतवारी करते. सगळे ऐकून ती म्हणाली, “खरं आहे तं लिही. फक्त मले बिचारी-बिचारी करून लिहू नको.” मी तसे कुठे लिहिले नाही, याची तिने लेख दुसऱ्यांदा वाचून घेऊन खात्री केली.

आता एक खुलासा. ग्रंथाच्या शेवटी लाइनच्या वहीतल्या नोंदी जोडल्या आहेत. त्यात बाविसाच्या खाली तेवीस हा आकडा आहे आणि त्यापुढचे सर्व रकाने कोरे आहेत. ती छपाईची चूक नाही, वाचकांनी कृपया ग्रंथ दुकानात परत आणू नये. वहीतल्या त्या जागी जुनी पेन्सिल अजून आहे. ती मी खोडलेली नाही. ते काम बाई आल्यावर, त्यांच्यासमोर करायचे आहे. बाबांचे नाव काढून मी एकट्याचे वाक्य लिहीन, आधी पेन्सिलीने आणि मग पेनने. शेवटच्या रकान्यात एक नाव येईल, जे त्या वहीत आजवर कुठेही आलेले नाही.

बाईंच्या पंचाहत्तरीचा सोहळा पांढुर्ण्याला होईल. हार होतील, शाल होईल, मोठी माणसे चांगले बोलतील. मी मागे बसेन, शक्यतो खिडकीच्या बाजूने. सर्वांबरोबर मीही बाईंना उदंड आयुष्य चिंतितो. पण माझी सवय नेमके मोजण्याची आहे, म्हणून माझी प्रार्थनाही नेमकी आहे. कन्हानचा तो उतार मी परवा पुन्हा जाऊन पाहून आलो. बसपासून काठापर्यंत माझी दोनशे बारा पावले होतात. बाईंची जास्त होतील. वाटेत बसायला तीन चांगले दगड आहेत. खाली पाण्याजवळ एक सपाट जागा आहे, तिथे सकाळी सावली असते. बाईंच्या गुडघ्यांत तेवढे उतरण्याचे आणि तेवढेच परत चढण्याचे बळ राहो. आणि ते एकदाच नव्हे, कारण मासा पहिल्या दिवशी लागत नाही.